जड पाहून दिलेलं जायफळ

एक्क्याण्णव सालच्या श्रावणात मी एका दोन महिन्यांच्या लेकरासाठी जायफळ म्हणून दगड दिला. चुकून दिला, हे खरं. पण नुसता चुकून हाताला लागला असता तरी एक वेळ चाललं असतं. मी तो निवडून दिला. बरणीत हात घालून चार-पाच चाचपले, त्यातला सगळ्यांत जड होता तो काढला, तळहातावर दोनदा झेलला आणि पुडी बांधताना वर म्हटलं, "असं जायफळ तुम्हाला अख्ख्या सेलूत मिळायचं नाही." त्या दिवशी दुकानात मी जे काही बोलले, त्यातलं एवढं एक वाक्य शंभर टक्के खरं होतं.

तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायचं वय होऊन गेलं होतं, आणि ती येऊन गेली आहे असा माझा समजही होता.

हे सगळं आत्ताच वर आलं त्याला कारण माझी लेक. मीनू पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत असते. बाळंतपणाला आली ती ज्येष्ठात. आता पोर दीड महिन्याची आहे आणि श्रावण लागलाय. मीनूच्या बॅगेतून झबली, दुपटी निघाली, ती मी कपाटात लावली. मग एक मखमली पिशवी निघाली. मला वाटलं, दागिने. उघडून पाहते तर खडे. जांभळा, गुलाबी, काळा कुळकुळीत, एक दुधासारखा. शेजारी वाळक्या पाल्याच्या तीन चिमुकल्या पुरचुंड्या, त्यांना रेशमाचे दोरे.

"हे काय दुकान मांडलंस?" मी विचारलं.

"आई, हात नको लावू, मी ते चार्ज केलेत."

"मोबाइलसारखे?"

"चंद्रप्रकाशात. पौर्णिमेला गच्चीवर ठेवायचे."

श्रावणात आमच्याकडे चंद्र कुठला. पंधरा-पंधरा दिवस ढगच. मी तसं म्हटलं तर ती हसली आणि मग तिनं मला नीट बसवून समजावलं. पुण्यात त्या आठ-दहा जणी आहेत. स्वतःला पेगन म्हणवतात. म्हणजे देवळांच्या आधीचा जो धर्म होता, झाडं, दगड, ऋतू, चंद्र यांना मानणारा, तो नव्यानं पाळणारे. तिकडे इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ लोक पाळतात, इंटरनेटवर त्यांची मंडळं आहेत. वर्षाचे आठ सण. आत्ता या दिवसांत पहिल्या धान्याचा सण असतो. रोजमेरी आठवण राहावी म्हणून, दुसरा एक पाला धुरी द्यायला, मीठ रिंगण घालायला. जांभळा खडा उशाशी ठेवला की झोप शांत.

"जुना धर्म नव्यानं? मग मधल्या काळात तो गेला कुठं होता?"

"हरवला होता."

आमच्याकडे तो रजेवरसुद्धा गेल्याचं मला आठवत नाही. पण खरं सांगू, त्या दुपारी मीनूनं पाळण्याभोवती मिठाची बारीक रेघ ओढली आणि पाल्याचा धूर पोरीच्या पायांकडून डोक्याकडे नेला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझी आजी पण धुरी अशीच द्यायची, पायांकडून डोक्याकडे. मीठ-मोहऱ्या मुठीत धरून ओवाळायची. सातासमुद्रांपलीकडे कुठल्यातरी थंड देशात कुठल्यातरी बाईनं आपलं लेकरू समोर ठेवून मिठाची मूठ उचलली असेल, आणि तिला कोणी सांगितलं नसेल की इथं वर्ध्याच्या अंगाला काळ्या मातीत बसून दुसरी एक तेच करते आहे. दोघींना हे कोणी शिकवलं? मीठ बिचारं दोन्हीकडे खारटच.

"तुझा विश्वास आहे का गं यावर?" मीनूनं विचारलं. मी म्हटलं, "मला विचारू नकोस, मी दगड विकलेली बाई आहे." तिला वाटलं, मी चेष्टा करते आहे.

आमचं दुकान वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या बाजारात. पुढे किराणा, आणि मागच्या भिंतीला काष्ठौषधी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणे. ही मागची भिंत त्यांची. जमिनीपासून आढ्यापर्यंत डबे, बरण्या, पत्र्याच्या पेट्या, आणि एकावरही नाव नाही. नाव कशाला, त्यांचं नाक होतं ना. बाहेर पाऊस असला की त्या भिंतीचा वास फुगायचा. वेखंडाचा तिखट, ओव्याचा, उदाचा, हिरड्याचा तुरट, आणि त्या सगळ्यांच्या खाली कुठंतरी जायफळाचा गुंगवणारा उबदार वास, दुलईत डोकं घातल्यासारखा. मी नवी सून असताना त्या वासानं मला झोप यायची. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणत, "सून आणली का मांजर?"

त्या भिंतीवरच्या निम्म्या मालाला दोन-दोन नोकऱ्या होत्या. वेखंड उगाळून पोटाला द्यायचं, आणि तेच दोऱ्यात ओवून मनगटाला बांधायचं, म्हणजे लेकरू दचकत नाही. सागरगोटा पोटदुखीला, आणि तोच करदोट्यात, म्हणजे वाईट वारं लागत नाही. बिबा तर काय, अंगाला लागला की उततो, फोड येतात, पण दारावर टांगला की घरातल्यांना फोड येऊ देत नाही. काळे-पांढरे बजरबट्टू लेकराच्या गळ्यात. बघणाऱ्याची नजर आधी त्या मण्यावर पडते आणि तिथंच फुटते. गिऱ्हाईक येऊन नुसतं म्हणे, "लेकरू किरकिर करून राह्यलं," आणि मामाजी विचारत, "पोटातून का वरून?" पोटातून असेल तर एक पुडी, वरून असेल तर दुसरी. कधी कधी डबा एकच.

मला हे सगळं अडाणीपणाचं वाटे. मी बी.ए. झालेली, त्यातून मासिकं वाचणारी. मामाजी गेले त्याला वर्ष झालं होतं. त्या श्रावणात आमच्या ह्यांना टायफॉइड झाला, ते तीन आठवडे अंथरुणाला खिळले आणि दुकानात मी बसले. पहिल्या तीन दिवसांत मी ठरवलं की या भिंतीला शिस्त लावायची. मीनूच्या वहीतले कागद कापले, कुठूनसं वनस्पतींचं एक जाडजूड पुस्तक मागून आणलं आणि प्रत्येक बरणीवर सुवाच्य अक्षरात मराठी नाव, खाली लॅटिन नाव, असं चिकटवत गेले. जायफळाच्या बरणीवर लिहिलं, मायरिस्टिका फ्रॅग्रन्स. लिहून झाल्यावर दोन पावलं मागं सरून मी ते अक्षर पाहिलं. इतकं समाधान माझ्या लग्नातल्या फोटोतही दिसलं नव्हतं.

त्याच झपाट्यात वरच्या फळीवरची एक गंजकी डबी सापडली. आत पाच-सहा जुनी जायफळं. काळपट, धूळ बसलेली, पण वास तोच. जुना माल वेगळा कशाला, म्हणून डबी बरणीत उपडी केली. तो मायरिस्टिका नव्हता. ते गोटे होते. पण हे कळायला पोळा उजाडावा लागला.

गिरजाबाई हिंगणीची. बोर धरणाच्या रस्त्याला तिची दीड-दोन एकराची भाजीची वाडी. बाजाराच्या दिवशी वांगी, दोडके, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन सेलूला यायची, आणि माल संपला की परतीच्या गाडीआधी आमच्या पायरीवर टेकायची. उंच, हाडापेरानं मोठी, बोलताना तोंडात सुपारी. दोन महिन्यांपासून ती दर बाजाराला काहीतरी नेत होती. आधी वेखंड, मग बजरबट्टू, मग काळा दोरा, सागरगोटा, उद. सगळं नातवासाठी.

"डॉक्टरला दाखवलं का?" मी विचारलं.

"दाखवलं ना वो बाई. वर्ध्याले नेलतं. थो म्हणे लेकरू चांगलं हाय. मंग रडते काऊन, तं म्हणे लेकरं रडतेतच."

"मग झालं तर."

"झालं कुठचं? त्याची माय त्याच्याकडं पाहातच नाई."

मग तिनं सांगितलं. तिच्या सुनेला, सुमनला, आधी दोन लेकरं झाली होती. एक पंधरा दिवसांचं गेलं, एक तीन महिन्यांचं. दोन्ही गोरी, गोमटी. लोक म्हणाले, नजर लागली. कोणाची लागली याचा शोध सुरू झाला, आणि शोधता शोधता सुमननं स्वतःच निकाल दिला. सगळ्यांत जास्त त्या लेकरांकडे कोण पाहत होतं? तीच. मायची नजर सगळ्यांत वाईट असते, असं कोणीतरी कधीतरी बोललेलं असतं. तिच्या डोक्यात ते रुतून बसलं. आता हे तिसरं झाल्यापासून ती त्याला पाजायला घ्यायची तीसुद्धा मान फिरवून. पाजलं की सासूच्या हातात. लेकरू दिवसभर रडायचं आणि ती मोरीत जाऊन भांडी घासायची, घासलेलीच पुन्हा.

हे ऐकून मी काय केलं असेल? मी भाषण दिलं. नजर वगैरे काही नसतं, डोळ्यांतून काही बाहेर पडत नाही, उलट प्रकाश आत जातो, असं मी त्या पायरीवर बसलेल्या, दिवसभर भाजी विकून दमलेल्या बाईला हातवारे करून समजावलं. ती सुपारी चघळत शांतपणे ऐकत होती. भाषण संपल्यावर म्हणाली, "बरं. जायफय द्या एक. उगाळून देतो, झोपंल तरी. हलकं नका देऊ, हलक्यात किडा असते. जड पाहून द्या."

जड पाहून दिलं.

पोळ्याच्या सकाळी आमच्या घरात पुरणाचा घाट होता. आत्याबाई चुलीशी. मला म्हणाल्या, "सूनबाई, जायफय आण वं." मी बरणीतून आणलं. त्यांनी खलात टाकून बत्ता हाणला. जायफळ फुटतं तेव्हा दबका, लाकडी आवाज होतो. इथं ठण्णकन आवाज झाला आणि ते उडून भिंतीवर आपटलं. आत्याबाईंनी ते उचललं, पुन्हा खलात धरलं, पुन्हा बत्ता. या वेळी त्याची दोन शकलं झाली.

आम्ही दोघी खलावर वाकलो. बाहेरून काळपट, सुरकुतलेलं, हुबेहूब जायफळ. आणि आत पांढऱ्याशुभ्र सुया. मधल्या एका ठिपक्यापासून चौफेर फुललेल्या, रेशमासारख्या चकाकणाऱ्या, इतक्या बारीक की वाटावं, फुंकर मारली तर हलतील. कोणीतरी मोगऱ्याचं फूल मिटल्या मुठीत धरून हजार वर्षं तसंच बसून राहावं आणि आज आम्ही ती मूठ उघडावी, तसं. पुरण खाली लागत होतं, त्याचा वास येत होता, तरी दोघींपैकी कोणी उठेना. मी आजवर पुष्कळ देवळं पाहिली, पण आपोआप हात जोडले गेले असं सहसा झालं नाही. त्या खलापुढे झालं.

मग आत्याबाई हळूच म्हणाल्या, "हे तं तुह्या मामाजीचे गिरडचे गोटे होते. कोणत्या डब्यातून आणलं तू?"

गिरडची टेकडी आमच्याच जिल्ह्यात, समुद्रपूरच्या अंगाला. तिथं जायफळासारखे, सुपारीसारखे गोटे मातीत सापडतात. त्याची गोष्ट अशी सांगतात की एक व्यापारी बैलांवर माल लादून त्या टेकडीखालून चालला होता. टेकडीवरच्या बाबांनी विचारलं, "पोत्यात काय आहे?" मागतील म्हणून हा म्हणाला, "गोटे आहेत." बाबा म्हणाले, "बरं, गोटे तर गोटे." पुढच्या मुक्कामाला पोती उघडली तर खरंच गोटे. त्यानं रडत रडत तिथंच ओतून दिले, ते अजून सापडतात. मामाजी दुकान उघडलं त्या साली तिथं गेले होते. मूठभर गोटे आणले आणि जायफळाच्या डबीत ठेवले. गिऱ्हाईकाला मालाबद्दल खोटं सांगायची इच्छा झाली तर ती डबी हलवायची, असा त्यांचा नेम होता. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी मासिक वाचत असेन.

मी बरणी पालथी केली. आत्याबाईंनी एकेक हातात घेऊन गोटे बाजूला काढले. फुटलेला धरून पाच भरले.

"सहा होते," त्या म्हणाल्या.

जड पाहून कोणाला दिलं, हे मला आठवायची गरजच नव्हती. दोन लेकरं गेलेली बाई, तिसरं दोन महिन्यांचं, आणि त्याच्या जिभेवर तीन दिवसांपासून दगडाची भुकटी. मला पांढऱ्या सुया डोळ्यांपुढे दिसायला लागल्या. घटकेपूर्वी त्याच सुयांना मी हात जोडले होते.

"पुरणपोळी कोणी खाल्ली नाही तरी चालंल," आत्याबाई म्हणाल्या, "पण उद्या पयल्या गाडीनं जाजो. अन काय दिलं थे खरं सांगजो. बदलून देतो म्हणून नको सांगू. गोटा दिला म्हणून सांग."

त्या दिवशी गाड्या नव्हत्या, असत्या तरी पोळ्याला कोण कोणाच्या दारी जातं. मी तो दिवस कसा काढला ते लिहीत नाही.

आज मीनूचे खडे पाहताना मला पुन्हा पुन्हा वाटतं की दगड हा प्रकारच मोठा निर्विकार. त्याला जायफळ म्हणा, तो ऐकून घेतो. शाळिग्राम म्हणा, ऐकून घेतो. जांभळा खडा म्हणे झोप देतो. त्याला बिचाऱ्याला स्वतःची झोप मोडता येत नाही इतका तो गाढ. आपणच त्याला काम लावतो. पण मग गंमत अशी की काम लावल्यावर तो नाही म्हणत नाही, आणि कधी कधी ते होऊनही जातं. हे कसं होतं, ते मला बी.ए.त शिकवलं नव्हतं. मीनूच्या इंटरनेटवरही नसावं. परवा तिनं मला गुलाबी खडा तळहातावर ठेवायला दिला आणि विचारलं, "काही जाणवतंय?" मी म्हटलं, "गार लागतोय." ती हिरमुसली. पण खरं म्हणजे मला त्या गारव्याचंच नवल वाटत होतं. एवढ्या उकाड्यात, एवढ्या हातांतून फिरून आलेला, तरी आपला गारवा त्यानं सोडला नव्हता.

पोळ्याच्या करीला, दुसऱ्या दिवशी, मी हिंगणीच्या गाडीत बसले तेव्हा पदराच्या गाठीत खरं जायफळ होतं. दातांनी टोकरून खात्री केलेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी गुडघ्यापर्यंत आलेली, मधे तुरीच्या ओळी. आणि प्रत्येक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, प्रत्येक शेताच्या तोंडाशी खोचलेली पळसाची डहाळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच आमच्याकडे पळसाच्या डहाळ्या दारांत आणि शेतांत लावतात. किडीनं, रोगानं, वाईट वाऱ्यानं आत येऊ नये म्हणून. लहानपणापासून पाहिलेलं. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. तळहाताएवढी, चामड्यासारखी दणकट, ओली पानं, तीन तीनच्या जुडीत, मैलोगणती उभी. कोणी हुकूम सोडला नव्हता, कोणी मोजदाद ठेवली नव्हती. अंधार असतानाच उठून हजारो माणसांनी रानातून एकाच झाडाची फांदी तोडून आणली होती आणि आपल्याला जे जपायचं आहे त्याच्या तोंडाशी रोवली होती. गावाच्या वेशीबाहेर बायका सगळ्या वर्षाची पीडा मारबतीच्या, त्या जाळायच्या पुतळ्याच्या, हवाली करून, मोकळ्या हातांनी परतत होत्या. कालपर्यंत मी याला अडाणीपणा म्हणत होते. त्या दिवशी गाडीच्या खिडकीला डोकं टेकून मी प्रत्येक डहाळीला म्हणत गेले, त्या घरालाही असू दे, त्या घरालाही असू दे.

गिरजाबाईच्या दारातही होती. दाराच्या दोन्ही बाजूंना. आतून रडण्याचा आवाज येत नव्हता. मला वाटलं, संपलं.

ओसरीत सुमन बसली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते, लहानखुरी, विशीतली. मांडीवर लेकरू, उघड्या तोंडानं झोपलेलं. समोर सहाण, सहाणेवर दुधाचे चार थेंब, आणि तिच्या हातात माझा गोटा. ती तो फिरवत होती. एक वेढा, दुसरा, तिसरा, नुसता गोल गोल. गुटीचं गणित असतं; हळकुंडाचे इतके वेढे, हिरड्याचे इतके, आणि जायफळाचे एक किंवा दोन, कारण ते जड पडतं. ही थांबतच नव्हती. सहाणेवर काही उतरतही नव्हतं. मधेच ती खाली पाहायची, लेकराच्या तोंडाकडे, आणि पुन्हा फिरवायची.

गिरजाबाई आतून आली. "या वो बाई. सुमन, ह्या जायफयवाल्या बाई."

सुमन उठू पाहत होती, मी नको म्हटलं.

"लयच गुन आला बाई तुमच्या जायफयाचा," ती हळू आवाजात म्हणाली. "घासतच नाई जल्दी. मी म्हणलं, चांगल्या मालाचं असंच असते. घडी-घडीभर घासत राह्यतो. चार दिस झाले, झोपून राह्यला. मीबी झोपली काल."

आत्याबाईंनी पढवलेलं वाक्य जिभेच्या टोकावर आलं आणि तिथंच बसलं. मी पदराची गाठ सोडून खरं जायफळ पुढे केलं. "हे पण ठेवा. आधीचं जुनं होतं," एवढंच निघालं. म्हणजे पुन्हा मालाबद्दल खोटंच.

सुमननं ते घेतलं, तोललं आणि परत केलं. "हे तं हलकं हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून तिला वाईट वाटलं असावं. "ठेवतो बाई. तुमी एवढ्या दूरून आल्या." आणि तिनं ते सहाणेपाशी ठेवून गोटा पुन्हा हातात घेतला.

मी लेकराजवळ वाकले. श्वास ऐकला. पोटाला हात लावला, मऊ होतं. गोट्याकडे पाहिलं. चार दिवसांत त्याच्यावरची नुसती धूळ गेली होती, तो जरासा गुळगुळीत झाला होता, बाकी तसाच. भुकटी वगैरे काही नव्हतीच. त्या लेकराच्या जिभेवर चार दिवस आईच्या दुधाशिवाय काहीही गेलं नव्हतं.

चहा झाला. गिरजाबाई मला गाडीच्या फाट्यापर्यंत सोडायला निघाली. वाटेत दोन्ही बाजूंना तिची वांगी, मधल्या सऱ्यांत पाणी. मी वांग्यांचा भाव विचारला, पाण्याचं विचारलं. फाटा दिसायला लागला तेव्हा मात्र मला राहवेना. मी रस्त्यातच थांबले आणि म्हटलं, "गिरजाबाई, ते जायफळ नव्हतं. गोटा होता. गिरडचा. मी चुकून दिला. घरी परत जा आणि सुमनला सांगा, नाहीतर मी सांगते."

गिरजाबाईनं सुपारी थुंकली. धुऱ्यावरची एक पळसाची डहाळी वाकली होती, ती सरळ केली, बुडाशी माती दाबली. मग लुगड्याला हात पुसत म्हणाली:

"थे मले पयल्याच दिशी समजलं, बाई. तीस वर्सं झाले मी लेकराइले जायफय घासून राह्यली, मले वास अन वजन नाई समजत का? जड द्या म्हणलं तं तुमी लयच जड देल्लं. सहाणेवर काई उतरतच नोहतं. मी फेकाले गेल्ती. पण पाह्यलं तं सुमन लेकरू मांडीवर घेऊन थोच गोटा घासत बसली, अन त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यली. दोन महिन्यांत पयल्यांदा. जायफय असतं तं दोन वेढ्यांत उठली असती. तिले काई नका सांगू. तुमचं थे नवं जायफय मी पुरणात टाकतो. गोटा राहू द्या."